शिरोलीची नोकरी सोडून मोटोक्रॉस करू का? भावा, तुझ्या पत्रातली एक ओळ तूच नीट वाचलेली नाहीस

या वेळचं पत्र आपल्या कोल्हापूरचंच आहे, मोटोक्रॉसचं, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर जंप मारत होणाऱ्या बाईक रेसचं. नाव टाकू नका म्हणालाय, म्हणून टाकत नाही. पत्र बरंच मोठं होतं, मुद्द्याचा भाग त्याच्याच शब्दांत देतो.

"दादा, वय २६. मेकॅनिकल डिप्लोमा केलाय. शिरोली एमआयडीसीत एका मशिन शॉपला क्वालिटीमध्ये आहे, पर्मनंट, ४ वर्षं ४ महिने झाले, हातात २७ हजार येतात. हिरोची सेकंड हँड एक्सपल्स बाईक घेतली आणि तेव्हापासून डर्टवर, म्हणजे मातीत चालवतोय. गेल्या सीझनला एका रेसमध्ये नॉव्हिस, म्हणजे नवख्यांच्या क्लासला सहावा आलो. आता डोक्यात दुसरं काही येतच नाही, मशिनसमोर उभा असलो तरी जंप दिसतात. पुण्यात एक जण रेसच्या गाड्या तयार करतो, तो म्हणाला हेल्पर म्हणून ये, १५ हजार देतो आणि राहायची सोय करतो, पण मला तर रायडिंगच करायचंय. बाबा साखर कारखान्यात मिल सेक्शनला फिटर होते, आधी सीझनल मग पर्मनंट, आता रिटायर. म्हणतात नोकरी सोडलीस तर माझ्याशी बोलू नको. आईला बीपी आहे. बहिणीचं लग्न डिसेंबरात ठरलंय. सेव्हिंग १ लाख ८० हजार. राजीनामा टाकू का? आत्ता नाही केलं तर तिशीत सगळं संपलंच ना?"

भावा, आधी सरळ उत्तर देतो म्हणजे पुढचं निवांत वाचशील. रायडर म्हणून पोट भरेन या हिशोबानं नोकरी सोडू नको. रेसिंगमध्ये काम करायचं म्हणून सोडणार असशील तर जरूर सोड, पण आज नाही, फेब्रुवारीनंतर. आणि पुण्याच्या त्या माणसाची ऑफर तू एका ओळीत लिहून "पण" म्हणून पुढं गेलास ना, तुझ्या अख्ख्या पत्रात मला तीच ओळ सगळ्यात मोलाची वाटली.

आता रायडिंगचं का नको म्हणतोय ते ऐक, मन मोडायला नाही सांगत. या खेळात पोरं फार लहानपणी येतात. आपल्याकडं २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचा पहिला सीझन झाला, सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममधलं मोटोक्रॉस, पुण्यात बालेवाडीला, मग अहमदाबाद आणि बेंगळुरू, त्यात चार क्लास होते, ४५० सीसीला बाहेरच्या देशांतले रायडर, २५० सीसीला बाहेरचे, २५० मध्येच भारत आणि आशियातल्या रायडरांचा एक, आणि चौथा ८५ सीसीचा ज्युनियर. हा चौथा क्लास लक्षात घे. म्हणजे तू डिप्लोमाच्या सबमिशनमागं पळत होतास त्या वयाच्या आधीपासून ही पोरं स्टार्टच्या गेटवर उभी असतात. आणि वरच्या क्लासला कोण आलं होतं तर जॉर्डी टिक्सिएसारखा माणूस, जो २०१४ चा एमएक्स२ वर्ल्ड चॅम्पियन आहे. अमेरिकेतला जेट लॉरेन्स बघ, ऑस्ट्रेलियाचा पोरगा, जन्म २००३ चा, २०२३ मध्ये ४५० क्लासच्या आउटडोअर सीझनच्या सगळ्याच्या सगळ्या २२ मोटो, म्हणजे रेस, जिंकला तेव्हा त्याची विशी नुकतीच लागत होती. तू सव्वीसाव्या वर्षी नॉव्हिसला सहावा आलास ही खरंच चांगली गोष्ट आहे, सेकंड हँड गाडीवर आणि नोकरी सांभाळून आलास हे तर त्याहून चांगलं, पण त्यावर घर चालत नाही.

खर्चाचं गणित मांडूया. खरी मोटोक्रॉसची गाडी, कावासाकीची केएक्स २५० म्हण, नवी घ्यायची तर आठ लाखांच्या आसपास. तुझ्या हातातला एक रुपयाही खर्च न करता अडीच वर्षांचा पगार झाला हा. ती गाडी रोडवर चालवता येत नाही, पासिंगच नसतं, म्हणून प्रत्येक वेळी पिकअपमध्ये टाकून न्यायची. त्या गाडीचं आयुष्य किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात, हँडलजवळ अवर मीटर लावलेला असतो, थोड्याच तासांनी ऑइल बदलायचं, प्रत्येक राइडनंतर एअर फिल्टर धुवायचा, आणि रेसिंगच्या वापरात मोजक्याच तासांत पिस्टन बदलायला येतो. हे सगळं स्वतःच्या खिशातून करणाऱ्याला प्रायव्हेटिअर म्हणतात आणि आपल्याकडं बहुतेक जण तेच असतात. यातले कितीतरी जण आठवडाभर काहीतरी दुसरं काम करतात, कुणाचं दुकान आहे, कुणाचं गॅरेज, कुणाच्या वडिलांचा धंदा. कंपनीची टीम मिळाली तर गोष्ट वेगळी, टीव्हीएस रेसिंग १९८२ पासून आहे, त्यांच्याकडं पगारी रायडर असतात, पण जागा बोटावर मोजण्याइतक्या आणि त्यासाठी रांगेत उभी पोरं आधीच नॅशनल जिंकलेली. आपल्या महाराष्ट्रातला पुण्याचा ऋग्वेद बारगुजे बघ, नॅशनल लेव्हलला कुठं पोचलाय. त्याच्यासारखं व्हायचं तर त्याच्यासारखी सुरुवातही लवकर लागते.

शरीराचंही बोलतो कारण तू पत्रात त्यावर काहीच लिहिलं नाहीस. वर्ल्ड चॅम्पियनशिपची एक मोटो ३० मिनिटं अधिक दोन लॅप अशी असते, आणि एका दिवसात अशा दोन. तिथं पोचायचं नसलं तरी दहा मिनिटं सलग व्हूप्सवरून, म्हणजे एकामागं एक मातीच्या उंचवट्यांवरून, उभ्यानं गाडी काढून बघ, हाताचा खालचा भाग दगडासारखा होतो, बोटं क्लच सोडत नाहीत, त्याला आर्म पंप म्हणतात. सव्वीसाव्या वर्षी ते सुधारता येतं, नाही असं नाही, आणि आपल्याकडं त्यासाठी जिमची फी पण लागत नाही, गल्लीतली तालीम आहे, जोर, बैठका, दोर चढणं, पकडीसाठी यापेक्षा भारी व्यायाम कुणी सांगणार नाही. पण पडल्यावर जे मोडतं ते तालमीनं जुळत नाही. कॉलर बोन, मनगट, गुडघ्याचा लिगामेंट, ही या खेळातली नेहमीची दुखणी. सी. एस. संतोष, ज्यानं २०१५ ला डकार रॅली, म्हणजे वाळवंटातली लांब पल्ल्याची रेस, पूर्ण केली आणि असं करणारा पहिला भारतीय ठरला, मूळचा मोटोक्रॉसवाला, तोच २०२१ च्या डकारमध्ये असा पडला की सौदीतल्या हॉस्पिटलमध्ये त्याला औषधं देऊन कोमात ठेवावं लागलं. तो बरा झाला ही देवाची कृपा. पण त्याच्या मागं कंपनी होती, टीम होती, मेडिकल हेलिकॉप्टर होतं. तुझ्या मागं १ लाख ८० हजार आहेत आणि डिसेंबरातलं लग्न.

इथंच इन्शुरन्सचं सांगतो आणि हे नीट वाच. आपल्याकडच्या बहुतेक हेल्थ पॉलिसीत काही ठरलेली एक्सक्लुजन्स असतात, म्हणजे कशाकशाचा खर्च मिळणार नाही त्याची यादी, त्यांना कोड दिलेले आहेत. त्यातलं ०९ नंबरचं काढून बघ. प्रोफेशनल म्हणून धोकादायक किंवा साहसी खेळात भाग घेतल्यामुळं उपचार घ्यावे लागले तर खर्च मिळणार नाही असं त्यात लिहिलंय आणि नावं पण दिलीत, त्यात मोटर रेसिंग स्पष्ट आहे. म्हणजे ज्या दिवशी तू रायडिंग हाच माझा धंदा म्हणशील त्या दिवशी तुझी नेहमीची मेडिक्लेम तुझ्या सगळ्यात मोठ्या धोक्यालाच लागू पडणार नाही. वेगळं कव्हर घ्यावं लागतं आणि ते रेस घेणाऱ्यांकडं, टीमकडं लेखी विचारावं लागतं, तोंडी "असतंय की" यावर जाऊ नको. आणि आत्ता कंपनीची ग्रुप मेडिक्लेम असेल, त्यात आईबाबा असतील, तर नोकरी सुटल्यावर ती पण संपते. आईला बीपी आहे, नवीन पॉलिसीत जुन्या आजाराला वेटिंग पीरियड लागतो. म्हणून राजीनाम्याच्या बऱ्याच आधी एचआरला विचार की ग्रुप पॉलिसीतून त्याच इन्शुरन्स कंपनीच्या फॅमिली पॉलिसीत मायग्रेट कसं व्हायचं, तसं करता येतं आणि आधीच्या वर्षांचं क्रेडिट धरतात. बाबांशी बोलायच्या आधी हे काम करून ठेव.

आता त्या ओळीकडं येतो. १५ हजार आणि राहायची सोय, हेल्पर म्हणून. तुला ते खालचं वाटलं असणार, डिप्लोमा झालेला क्वालिटीतला माणूस हेल्पर कसा होईल. पण जरा बघ की तू रोज काय करतोस. बोअर गेज हातात धरून मायक्रॉनमध्ये मापं घेतोस. आत्ता एका सस्पेन्शनच्या कामाचा विचार कर. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या, आत व्हॉल्व्हवर पातळ गोल पत्र्या एकावर एक रचलेल्या असतात, शिम म्हणतात, ०.१० मिलिमीटर, ०.१५, ०.२० अशा जाडीच्या, त्यांचा क्रम आणि व्यास बदलला की जंपवरून उतरल्यावर गाडी कशी बसणार ते बदलतं. ज्याला मायक्रोमीटर नीट धरता येत नाही तो हे काम अंदाजानं करतो आणि रायडर म्हणतो गाडी उडतीय. पिस्टन आणि सिलिंडरमधला गॅप तपासायचा, तोही मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. हे माप घ्यायला शिकायला दुसऱ्या पोरांची वर्षं जातात आणि तुझ्या हाताला ते आजच येतं, शिफ्ट संपेपर्यंत तू ते शेकड्यानं करतोस. शिरोलीत, गोकुळ शिरगावला, उद्यमनगरात अशी शेकडो पोरं आहेत म्हणून तुला त्याची किंमत वाटत नाही, पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसच्या ठिकाणी टीम गाड्या तयार करतात तिथं, अशी पोरं शोधून सापडत नाहीत.

एक काम तर तू येत्या रविवारी तुझ्या एक्सपल्सवरच करून बघ, सॅग मोजायचं. गाडी स्टँडवर घे, मागचं चाक मोकळं लोंबू दे, ॲक्सलच्या मधोमधपासून सरळ वर मागच्या मडगार्डवर टेपचा एक तुकडा चिकटव आणि माप लिहून घे. मग हेल्मेट, बूट, सगळं घालून गाडीवर बस, दोन-तीन वेळा दाबून सोड, मित्राला तेच माप परत घ्यायला सांग. दोन्हीतला फरक म्हणजे सॅग. खऱ्या मोटोक्रॉसच्या गाडीला तो १०० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, तुझ्या गाडीचा ट्रॅव्हल, म्हणजे सस्पेन्शन दबायची जागा, कमी आहे म्हणून तिला तो कमीच येईल, आकडा महत्त्वाचा नाही, पद्धत हाताला बसव. मग प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायची, रिंग थोडी फिरव आणि त्याच कॉर्नरला परत जा. सॅग जास्त झाला की मागून बसलेली गाडी वळताना पुढनं बाहेर निसटायला बघते, कमी झाला की पटकन वळते पण सरळ पट्ट्यात हँडल हलायला लागतं. वहीत लिहून ठेव, तारीख, माप, माती ओली का कोरडी, काय वाटलं ते. हे करताना तुला रायडिंगइतकीच मजा आली तर तुझं उत्तर तुला मिळालं, आणि कंटाळा आला तर पुण्याला जाऊच नको, कारण तिथं दिवसभर हेच आहे. दोन रेसच्या मधल्या वेळात चिखलानं भरलेला फिल्टर काढून तेल लावलेला दुसरा बसवायचा, स्पोक्स एकेक करून तपासायचे, चेनचा ताण बघायचा, टायरमध्ये हवा किती, गॉगलच्या टिअर-ऑफ, म्हणजे चिखल उडाला की ओढून टाकायच्या पारदर्शक पट्ट्या, लावल्या का, आणि रेस सुरू झाली की पिट बोर्ड, म्हणजे रायडरला दाखवायची पाटी, घेऊन कडेला उभं राहून लॅप टाइम लिहून दाखवायचा. ट्रॉफी घेताना फोटोत तू नसतोस. हे सगळं आधी माहीत असू दे.

या कामाचं भविष्य मला रायडिंगपेक्षा बरं दिसतं, ते का सांगतो. रायडरला तिशी नडते, सस्पेन्शन ट्यूनरला नडत नाही, चाळिशीतला मेकॅनिक तर जास्त मागणीचा. हार्डकोर रेसिंग सोडलं तरी ॲडव्हेंचर गाड्या घेणारे लोक आता वाढलेत, त्यांनाही स्प्रिंग वजनाप्रमाणं बदलून हवी असते, फोर्कची सर्व्हिस हवी असते आणि ते करणारं माणूस आपल्या भागात पटकन सापडत नाही, पुणे नाहीतर बेंगळुरू गाठावं लागतं. चार-पाच वर्षं पुण्यात हात बसवून तू उद्यमनगरात स्वतःचं सस्पेन्शनचं वर्कशॉप टाकलंस तर शेजारीच लेथ आहे, मिलिंग आहे, हीट ट्रीटमेंट आहे, बुश पाहिजे तर संध्याकाळपर्यंत टर्न करून मिळतो. हे दुसऱ्या कुठल्या गावात एवढ्या सहज आहे सांग बघू.

पुण्याच्या माणसाला फोन करण्याआधी प्रश्न लिहून काढ. हेल्पर म्हणजे नक्की काय, मला सस्पेन्शन आणि इंजिन उघडायला कधी देणार, की दोन वर्षं नुसत्या गाड्या धुवायच्या. रेसला बरोबर नेणार का. मोठ्या रेस बऱ्याचशा पावसाळा संपल्यावर असतात, मग उरलेल्या महिन्यांत पगार पूर्ण का अर्धा. काम करताना लागलं तर कोण बघणार. पगार सहा महिन्यांनी किती होणार. आणि आत्ता लगेच हो म्हणू नको, ऑक्टोबरनंतर सुट्टी टाकून दोन रेस वीकएंडला त्याच्याकडं फुकट काम करायला जा. पहाटेपासून रात्रीपर्यंत राहा. तो लोकांशी कसा वागतो, पैसे वेळेवर देतो का, हे तिथल्या बाकीच्या पोरांना चहाच्या टपरीवर विचार, तिथं खरं कळतं.

आता फेब्रुवारी का म्हणालो. तुझी पाच वर्षं तेव्हा पूर्ण होतात आणि पर्मनंट माणसाला ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी लागू होते. हिशोब असा असतो की शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुझा बेसिक-डीए १६ हजार धरला तरी ४६ हजार होतात. आठ महिन्यांसाठी ते सोडून जायचं काही कारण नाही. पीएफ पण लगेच काढू नको, पाच वर्षांच्या आत काढलास तर टॅक्स लागतो, आणि नंतरही तो तसाच पडू दे, तो बाबांना दाखवायचा आकडा आहे. या आठ महिन्यांत आणखी एक कर, आजपासून १५ हजारांतच जग. पुण्यात जेवढे मिळणार तेवढ्यातच भाग, वरचे १२ हजार दर महिन्याला पगाराच्या दिवशीच बाजूला काढ. आठ महिन्यांत ९६ हजार होतात. पण घरी तू किती देतोस ते पत्रात लिहिलंच नाहीस. ते या १५ मध्येच धर, बाहेर नको. जमलं नाही तर तुला पुण्यात पण जमणार नाही, आणि ते इथं घरात बसून कळलेलं बरं.

बहिणीचं लग्न होईपर्यंत एक शब्द काढू नको असं मी म्हणणार नाही, पण राजीनाम्याचा विषय तोपर्यंत घरात आणू नको. पाहुणे यायला लागले की पोरगा नोकरी सोडतोय ही बातमी बहिणीच्या सासरपर्यंत जाते आणि उगाच पोरीला ऐकून घ्यावं लागतं. हे चुकीचं आहे, पण असं होतं.

बाबांचं बघूया. तुला ते हट्टी वाटत असणार. मला नाही वाटत. जो माणूस सीझनल फिटर म्हणून कारखान्याला लागला त्यानं गळीत हंगामाचे महिने आणि ऑफ-सीझनचे महिने दोन्ही बघितलेत, हंगामात रात्रपाळीला मिल थांबू द्यायची नाही म्हणून जीव तोडायचा आणि मग ऑफ-सीझनला रिटेन्शनवर, म्हणजे बंद काळात मिळणाऱ्या थोडक्या पगारावर, घर चालवायचं, आणि पर्मनंटची ऑर्डर हातात पडेपर्यंत दरवर्षी बोलावतील का नाही याची धाकधूक. त्यांनी ते तुझ्यासाठी सोसलं आणि तू पर्मनंट सोडून परत तिकडंच निघालास असं त्यांना दिसतंय. रेसिंगचं काम पण तसंच आहे, हंगामी, हे त्यांना तूच त्यांच्या भाषेत सांग. लपवू नको. बाबा, हे काम हंगामी आहे, तुमच्यासारखंच फिटरचं आहे, मिल रोलरच्या जागी फोर्क आहे. गाडी चालवायला नाही चाललो, गाडी उघडायला चाललोय. मला खात्री आहे "रेसर व्हायचंय" आणि "फिटर म्हणून चाललोय" यात त्यांना जमीन-अस्मानाचा फरक वाटेल. आणि कागद समोर ठेव, पीएफ किती, ग्रॅच्युइटी किती, आईची पॉलिसी कशी केली, किती दिवस बघणार. तोंडी स्वप्नं नको. जमलं तर त्यांना एकदा पॅडॉकमध्ये घेऊन जा, ट्रॅकच्या कडेला नको, तिथं जंप बघून घाबरतील. मेकॅनिक काम करतात तिथं उभं कर. ज्यानं आयुष्यभर बेअरिंगचा आवाज ऐकून मशिन ओळखलं तो माणूस तिथं पाच मिनिटांत काहीतरी बोलल्याशिवाय राहणार नाही.

स्वप्नील कुसाळेचं उदाहरण मुद्दाम देतो कारण घरात तेच नाव निघणार, बघ तो कसा मेडल घेऊन आला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ. पण तो २०१५ पासून रेल्वेत नोकरीला होता, टीसी म्हणून. नऊ वर्षं पगार चालू होता आणि नेमबाजी पण चालू होती. पगार सोडला तरच खेळावर प्रेम आहे असं काही नसतं. तुला रायडिंग आवडतं ना, मग ते चालू ठेव, पुण्याला गेलास तर उलट जास्त होईल, कारण तिथं ट्रॅक जवळ, शिकवणारे जवळ, आणि जुने टायर, जुने गार्ड कुणाकडून तरी मिळतात. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर स्पोर्ट्स संघटनेचं, लायसन्स रिन्यू करत जा, वर्षातनं दोन-तीन रेस पळ, सहाव्याचा तिसरा ये. ते तुझ्या कामालाही उपयोगी पडतं, जो स्वतः चालवतो त्याला रायडर काय म्हणतोय ते लगेच कळतं.

पण एकटा जाऊन चालवू नको, कधीच नाही, कुणीतरी बरोबर पाहिजे, फोनला रेंज पाहिजे. चेस्ट गार्ड, नी ब्रेस आणि खरे मोटोक्रॉसचे बूट घेतल्याशिवाय जंप मारू नको, ट्रेकिंगच्या बुटात घोटा मोडतो. आणि पन्हाळ्याकडं मसाई पठारावर गाडी घालणारे व्हिडिओ टाकतात त्यांच्या नादाला लागू नको. ते राखीव संवर्धन क्षेत्र आहे, पावसाळ्यात तिथं फुलं येतात, एका चाकोरीनं त्यांचं नुकसान होतं आणि वर सगळ्या डर्टवाल्यांचं नाव खराब होतं. हुपरी रोडला मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, तो डांबरी, गो-कार्टचा, तुझ्या कामाचा नाही हे खरं, पण तिथं रेस झाल्यात, लायसन्स, मार्शल, नियम हे माहीत असलेले लोक भेटतात. एकदा जाऊन बोल, गावातच आहे.

तू विचारलंयस तिशीत संपतं का. पोडियमचं स्वप्न बहुतेक संपतं, खोटं नाही सांगणार. लग्नाचं पण आहे, तू लिहिलं नाहीस पण डोक्यात असणारच, पर्मनंट नोकरी नसलेल्या पोराला मुली सांगून येत नाहीत आपल्याकडं. ज्या कुणाशी बोलणी होतील तिला पहिल्याच भेटीत सगळं खरं सांग, पगार, हंगाम, धोका. नंतर कळण्यापेक्षा नकार बरा.

पुण्याला गेलास तर दीड वर्ष धर. दीड वर्षानं बघ, पगार २५ हजारांच्या जवळ आला का, एक फोर्क एकट्यानं पूर्ण उघडून परत बांधता येतो का, आणि कुणी रायडर तुझं नाव घेऊन गाडी तुझ्याकडंच द्या म्हणतोय का. तिन्हीतलं एकही नसेल तर परत ये, क्वालिटीतल्या अनुभवी माणसाला एमआयडीसीत काम मिळतं, म्हणूनच आत्ताच्या कंपनीतून जाताना भांडून जाऊ नको, नोटीस पीरियड पूर्ण भर, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं सर्टिफिकेट हातात घेऊनच बाहेर पड.

एक सांगायचं राहिलं, तुझ्या एक्सपल्सचं. ती विकून मोठी गाडी घ्यायचा विचार असेल तर थांब. त्याच गाडीचा पुढचा फोर्क आधी स्वतः उघड, मॅन्युअल घेऊन, स्वच्छ कापड अंथरून, काढलेला प्रत्येक भाग क्रमानं मांडून फोटो काढून ठेव. बिघडलं तर तुझीच गाडी आहे, कुणाची रेस जात नाही. ऑक्टोबरात पुण्याचा पहिला वीकएंड करून आलास की लिही, आणि त्या माणसानं इन्शुरन्सच्या प्रश्नावर काय उत्तर दिलं ते आधी लिही.